हायस्कूलमध्येच कॉलेज क्रेडिट: तुमच्या शाळेत असा कोर्स सुरू करायचा असेल तर

अमेरिकेत आपले बरेच लोक आता पब्लिक स्कूलमध्ये शिकवतात, कोणी पीटीएमध्ये (पालक-शिक्षक संघात) आहे, कोणी स्कूल बोर्डाच्या मीटिंगला नेमाने जातं, आणि हल्ली या सगळ्यांकडून मला एकच विचारणा होते की शेजारच्या डिस्ट्रिक्टमधली मुलं बारावी संपेपर्यंत कॉलेजचे 12-15 क्रेडिट (डिग्रीसाठी कोर्स मोजायचं एकक) घेऊन बाहेर पडतायत, मग आमच्या शाळेत हे का नाही आणि आणायचं असेल तर सुरुवात कुठून करायची. मी हायस्कूलला गणित शिकवते आणि आमच्या शाळेतल्या अशा कोर्सचं कामही माझ्याकडेच असतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी हे नेमकं आहे काय ते बघू, कारण तीन वेगळ्या गोष्टींना लोक सरसकट ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. एकात मुलं स्वतः कम्युनिटी कॉलेजला जाऊन तिथल्या वर्गात बसतात. दुसऱ्यात कॉलेजचा प्रोफेसर शाळेत येतो किंवा ऑनलाइन शिकवतो. तिसऱ्यात तुमच्याच शाळेतला शिक्षक, तुमच्याच वर्गात, शाळेच्या वेळेत, युनिव्हर्सिटीचा कोर्स शिकवतो आणि त्या शिक्षकाला युनिव्हर्सिटीच्या त्या डिपार्टमेंटने मान्यता दिलेली असते. मी जे सांगणार आहे ते या तिसऱ्या प्रकाराबद्दल, याला कॉन्करंट एनरोलमेंट म्हणतात. ही काही नवी टूम नाही, युनिव्हर्सिटी ऑफ कनेटिकट हे 1955 पासून करतेय, सिराक्यूज युनिव्हर्सिटीचं प्रोजेक्ट अॅडव्हान्स 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आसपासच्या शाळांनीच पुढाकार घेतल्यामुळे उभं राहिलं, कारण बारावीतल्या हुशार मुलांचं सगळं आधीच शिकून झालेलं असायचं आणि शेवटचं वर्ष नुसतं वाया जायचं. आज सगळे प्रकार मिळून देशभरात जवळजवळ 25 लाख हायस्कूलची मुलं कॉलेजचे कोर्स घेतात, हा 2022-23 चा आकडा आहे.

प्रिन्सिपॉलशी बोलायला जाल तेव्हा पैशाचं गणित तयार ठेवा. बऱ्याच राज्यांत मूल कॅम्पसवर गेलं की त्याच्या नावाने शाळेला मिळणाऱ्या पैशातला काही भाग कॉलेजकडे जातो, पण कोर्स शाळेत तुमच्याच शिक्षकाने शिकवला तर मूल शाळेत राहतं, बसची सोय लागत नाही, बँड, फुटबॉल, रोबोटिक्स काही सुटत नाही. माझ्या अनुभवात प्रिन्सिपॉल लोकांना सगळ्यात आधी पटतो तो हा मुद्दा, शिक्षणाबद्दलचं भाषण नंतर.

शिक्षक आधी, करार नंतर

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक डिस्ट्रिक्ट उलट्या बाजूने सुरुवात करतात, म्हणजे सुपरिटेंडंट आणि युनिव्हर्सिटीचे कोणी डीन भेटतात, फोटो निघतात, करारावर सह्या होतात आणि मग शाळेत शोधाशोध सुरू होते की शिकवणार कोण, आणि तेव्हा कळतं की नियमात बसणारा शिक्षकच नाहीये. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी शिक्षक शोधा, मग त्याच्या विषयाचा कोर्स ठरवा आणि मग त्या कोर्ससाठी युनिव्हर्सिटी.

बऱ्याच युनिव्हर्सिटींचा नियम साधारण असा असतो की त्या विषयात मास्टर्स पाहिजे, किंवा मास्टर्स दुसऱ्या कशात असेल तर वर त्या विषयाचे निदान 18 ग्रॅज्युएट क्रेडिट पाहिजेत. अडचण अशी की अमेरिकेत शिक्षकांचं मास्टर्स बहुतेक वेळा एज्युकेशनमध्ये असतं, म्हणजे 20 वर्षं कॅल्क्युलस उत्तम शिकवणारी बाई नियमात बसत नाही कारण तिच्याकडे एम.एड. आहे आणि गणिताचे ग्रॅज्युएट क्रेडिट सहाच आहेत. अशा वेळी हात टेकू नका. उरलेले क्रेडिट ऑनलाइन, उन्हाळ्यात, संध्याकाळी पूर्ण करता येतात आणि ती फी डिस्ट्रिक्टने भरावी हे मागायला लाजायचं कारण नाही, काही राज्यांनी यासाठी शिक्षकांना मदतही दिलीय. काही ठिकाणी अनुभवाचा विचार करून सवलत मिळते, तेही विचारा.

आणि इथे आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबादहून एम.एस्सी. करून आलेल्या कितीतरी जणी इथे हायस्कूलला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित शिकवतायत आणि त्यांना वाटतं आपली डिग्री भारतातली, ती कुठे चालणार. चालू शकते! विषयातलं मास्टर्स हे नेमकं तेच आहे जे युनिव्हर्सिटीला हवंय. फक्त क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन, म्हणजे परदेशी डिग्रीची इथल्या डिग्रीशी तुलना, एखाद्या एजन्सीकडून करून घ्यावं लागतं आणि ते करताना साधा रिपोर्ट घेऊ नका, कोर्स-बाय-कोर्स वाला घ्या, कारण साध्या रिपोर्टमध्ये फक्त डिग्री अमेरिकेतल्या कशाच्या बरोबरीची एवढंच येतं, आणि डिपार्टमेंटच्या चेअरला बघायचं असतं की तुम्ही रिअल अॅनालिसिस केलंय का, ऑर्गॅनिक केमिस्ट्री केलीय का, किती क्रेडिटचं केलंय. कुठल्या एजन्सीचा रिपोर्ट चालतो हे युनिव्हर्सिटीला आधी ईमेलवर विचारून लेखी घ्या. ट्रान्सक्रिप्ट तिकडच्या विद्यापीठातून मागवायला वेळ लागतो, म्हणून कोर्स सुरू करायचा विचार मनात आला की त्याच आठवड्यात अर्ज टाका, आणि भारतात कोणी भाऊ-बहीण असतील तर त्यांना अधिकारपत्र देऊन विद्यापीठात पाठवता येतं का ते बघा.

युनिव्हर्सिटी निवडताना

नावाला भुलू नका. मोठ्या नावाची युनिव्हर्सिटी 200 मैलांवर असेल आणि तिचा माणूस वर्षातून एकदा व्हिडिओ कॉलवर भेटणार असेल तर त्यापेक्षा अर्ध्या तासावरचं कम्युनिटी कॉलेज चांगलं, जर तिथले प्रोफेसर खरंच तुमच्या वर्गात येऊन बसणार असतील तर. भेटायला जाल तेव्हा मी तरी हे विचारेन: आमच्या शिक्षकासाठी तुमच्या डिपार्टमेंटमधला ठरलेला माणूस कोण, तो वर्गाला भेट कधी देतो, नव्या शिक्षकाला ट्रेनिंग कधी आणि किती, पेपर कोणाचे, सिलॅबसमध्ये शिक्षकाला किती मोकळीक, आणि सगळ्यात शेवटी फी किती. नॅसेप म्हणजे नॅशनल अलायन्स ऑफ कॉन्करंट एनरोलमेंट पार्टनरशिप्स नावाची संस्था 1999 पासून आहे, ती अशा प्रोग्रॅमना मान्यता देते आणि तिच्या निकषांत शिक्षकाची पात्रता, दरवर्षी विषयाचं ट्रेनिंग, वर्गभेटी, कॅम्पससारखंच मूल्यमापन हे सगळं येतं. मान्यता असेल तर उत्तम, नसेल तर ते निकष छापून घेऊन जा आणि एकेक विचारा.

फी राज्याप्रमाणे फार बदलते. ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस या राज्याच्या योजनेखाली पब्लिक शाळेतल्या मुलांना पब्लिक कॉलेजचे कोर्स मोफत असतात, फ्लोरिडात कॉलेजची ट्यूशन फी माफ आहे, वॉशिंग्टनने 2023 मध्ये कायदा करून पब्लिक कॉलेजांचे हायस्कूलमध्ये चालणारे कोर्स मोफत केले. दुसरीकडे काही राज्यांत पालकांना क्रेडिटमागे पैसे भरावे लागतात. तुमच्या राज्यात असं असेल तर फ्री लंच घेणाऱ्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांची फी कोण भरणार हे कोर्स सुरू व्हायच्या आधी ठरवा, नंतर बघू म्हटलं की ती मुलं नावच देत नाहीत आणि आपल्याला वाटतं त्यांना इंटरेस्ट नाही.

कोर्स कुठला

पहिल्या वर्षी एकच. फार तर दोन. इंग्लिश कॉम्पोझिशन, स्टॅटिस्टिक्स, कॉलेज अल्जिब्रा, कॅल्क्युलस, सायकॉलॉजी, पब्लिक स्पीकिंग, हे असे कोर्स आहेत जे जवळपास प्रत्येक डिग्रीत कुठेतरी बसतात. पण बसतात म्हणजे कसे ते बघा, नुसतं इलेक्टिव्ह म्हणून धरले जाणारे क्रेडिट आणि डिग्रीची एखादी अट पूर्ण करणारे क्रेडिट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाला कॉलेज अल्जिब्राचे क्रेडिट मिळून काही उपयोग नाही, त्याला कॅल्क्युलसच लागतं, आणि नर्सिंगला किंवा सोशल वर्कला जाणारीला कॅल्क्युलसपेक्षा स्टॅटिस्टिक्स जास्त कामाचं. आपली मुलं इथून पास झाली की बहुतेक कुठल्या तीन-चार कॉलेजांत जातात ते काउन्सेलरला विचारा आणि त्या कॉलेजांच्या साइटवर हा कोर्स कशाच्या बदल्यात धरतात ते शोधा, ट्रान्सफरॉलॉजी नावाची साइट यासाठी कामाची आहे.

एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमधले कॉलेजच्या तोडीचे कोर्स आणि त्यांची देशभर एकच परीक्षा) असताना हे कशाला, असंही विचारतात. एपीत सगळं मे महिन्यातल्या एका परीक्षेवर, इथे वर्षभराच्या कामावर. ज्या मुलाचं इंग्रजी अजून पक्कं नाही, जो परीक्षेत घाबरतो पण आठवडाभर बसून प्रोजेक्ट झकास करतो, त्याला हे जास्त न्याय देतं. एपीचा फायदा असा की तो स्कोअर सगळीकडे ओळखीचा आहे. दोन्ही एकाच वर्गात चालवणाऱ्या शाळा आहेत, पण पहिल्याच वर्षी शिक्षकावर दोन सिलॅबसचं ओझं टाकू नका.

वेळापत्रक

कोर्स ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू करायचाय तर बोलणी आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायला हवीत. कारण सोपं आहे, मुलं पुढच्या वर्षीचे विषय बहुतेक शाळांत जानेवारी-फेब्रुवारीत निवडतात, त्या यादीत तुमच्या कोर्सचं नाव नसेल तर वर्ग भरत नाही, आणि शिक्षकाला मान्यता मिळाल्याशिवाय नाव टाकता येत नाही. म्हणजे शिक्षकाचा सीव्ही, ट्रान्सक्रिप्ट आणि सिलॅबसचा मसुदा थँक्सगिव्हिंगच्या आत डिपार्टमेंटकडे गेलाच पाहिजे.

करारात काय काय हवं

करार वकील लिहितील, पण त्यांना वर्गात काय होतं ते माहीत नसतं म्हणून काही गोष्टी तुम्हीच लिहून द्या. शिक्षिका मॅटर्निटी लीव्हवर गेली तर कोण शिकवणार? साधा सबस्टिट्यूट चालत नाही, त्यालाही युनिव्हर्सिटीची मान्यता लागते, नाहीतर क्रेडिटच धोक्यात. युनिव्हर्सिटीचं सेमिस्टर डिसेंबरमध्ये संपतं आणि आपलं जानेवारीत, मग मार्क कधी भरायचे? बर्फामुळे शाळा आठवडाभर बंद राहिली तर काय? आयईपी (अपंगत्व किंवा शिकण्यातली अडचण असलेल्या मुलासाठी शाळेने केलेली लेखी योजना) असलेल्या मुलाला जास्त वेळ, वेगळी खोली वगैरे मिळायलाच हवं, पण कॉलेजच्या कोर्सचा मजकूर कमी करता येत नाही, हे पालकांना कोण आणि कधी सांगणार? पुस्तकं, लॅबचं सामान, शिक्षकाचा जादा मोबदला, शिक्षक ट्रेनिंगला जाईल त्या दिवसाचा सबस्टिट्यूट, याचे पैसे कुणाच्या खात्यातून? हे सगळं लेखी पाहिजे. माणसं बदलतात, प्रिन्सिपॉल बदलतो, आणि "आपलं ठरलं होतं" याला मग काही अर्थ राहत नाही.

मार्क देणं: खरी कसोटी इथे आहे

कोर्स कॅम्पसवरच्यासारखाच आहे असं सगळेच म्हणतात, पण ते दिसतं मार्क देताना. एक उदाहरण देते. कॅल्क्युलसच्या दुसऱ्या सेमिस्टरला सिरीज येतात, प्रश्न असतो की ही सिरीज कन्व्हर्ज होते का, कारण द्या, 5 मार्क. मुलगा लिहितो की चिन्हं आलटून-पालटून आहेत म्हणून होते. उत्तर बरोबर आहे. हायस्कूलचा शिक्षक सहज 4 देतो, टेस्टचं नाव ओळखलंय, उत्तर आलंय, बिचाऱ्याने प्रयत्न केलाय. युनिव्हर्सिटीतला तोच पेपर तपासणारा विचारतो की टर्म लहान लहान होत जातात हे दाखवलं का, लिमिट शून्य आहे हे दाखवलं का, नाही ना, मग 1. आता यात कोण चूक असा प्रश्नच नाही, पण हा मुलगा पुढच्या वर्षी कॅम्पसवर थेट पुढच्या कोर्सला बसला आणि तिथे प्रत्येक पेपरात असा कापला गेला तर आपण दिलेल्या ए ग्रेडने त्याचं नुकसानच केलं.

म्हणून पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या मोठ्या परीक्षेला असं करा: पाच-सहा पेपरांच्या नावं झाकून कॉपी काढा, एक सेट शिक्षकाने तपासायचा, एक युनिव्हर्सिटीच्या माणसाने, एकमेकांचे मार्क न बघता, आणि मग दोघांनी शेजारी बसून जिथे फरक पडलाय ते प्रश्न बोलायचे. दोन तास जातात. पण त्या दोन तासांत शिक्षक जे शिकतो ते कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळत नाही, आणि प्रोफेसरलाही कळतं की ही मुलं काय तोडीची आहेत, बऱ्याचदा त्याला वाटत असतं त्यापेक्षा चांगली. इंग्लिशच्या निबंधांना तर हे आणखी जरुरीचं.

टेक्सासच्या ऑनरॅम्प्स प्रोग्रॅममध्ये हायस्कूलचा ग्रेड आणि कॉलेजचा ग्रेड वेगवेगळे दिले जातात आणि कॉलेजचं क्रेडिट घ्यायचं की नाही हे मूल शेवटी ठरवू शकतं. मला ही पद्धत फार आवडते. तुमच्या युनिव्हर्सिटीत असं होत नसेल तर निदान दोन तारखा मुलांना तोंडपाठ असायला हव्यात, ट्रान्सक्रिप्टवर काहीही न उमटता कोर्स सोडायची शेवटची तारीख आणि डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे मध्येच सोडल्याची नोंद) घेऊन सोडायची शेवटची तारीख. कारण हा ग्रेड कायमचा आहे. 16 व्या वर्षी मिळालेला डी पुढे मेडिकल स्कूलच्या अर्जातही दाखवावा लागतो आणि कॉलेजला गेल्यावर फायनान्शियल एडसाठी प्रगती मोजतात त्यातही धरला जाऊ शकतो.

नावनोंदणीचा दिवस

पोरांना लिंक पाठवून "घरी भरून टाका" सांगितलं तर निम्मी मुलं अडकतात, आणि जी अडकतात ती नेमकी ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही तीच असतात. त्यामुळे एक पूर्ण तास वर्गातच घ्या, युनिव्हर्सिटीचा माणूस आणि काउन्सेलर दोघं हजर. आदल्या दिवशी घरून कायदेशीर नाव, पत्ता, रेसिडन्सीची माहिती आणि पालकांचा ईमेल लिहून आणायला सांगा. एक बारीकशी अडचण बहुतेकांच्या लक्षात येत नाही, युनिव्हर्सिटीच्या लॉगिनला फोनवर कोड येतो आणि हल्ली कितीतरी शाळांत फोन वर्गात चालत नाहीत, तेव्हा त्या तासापुरती फोनची परवानगी ऑफिसकडून आधी काढून ठेवा, नाहीतर 30 मुलं स्क्रीनकडे बघत बसतात.

एच-4 वर (एच-1बी वगैरेंवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेली मुलं हे कोर्स घेऊ शकतात, त्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसतो त्यांना, म्हणून फॉर्ममधल्या त्या रकान्याचं काय करायचं हे आधी विचारून ठेवा. इन-स्टेट फी लागू होते का हे राज्यावर आणि कॉलेजवर आहे.

पालकांसाठी एक संध्याकाळ ठेवा आणि त्यात फर्पाबद्दल (विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेचा फेडरल कायदा) स्पष्ट सांगा. कॉलेजच्या रेकॉर्डवरचा हक्क मुलाचा असतो, वय 18 नसलं तरी. म्हणजे आई-बाबांनी युनिव्हर्सिटीला फोन करून "आमच्या आर्याला बी का दिला" विचारलं तर तिकडून बहुतेक उत्तर मिळणार नाही. ते शाळेशी बोलू शकतात, मुलाची परवानगी घेऊ शकतात. आपल्याकडच्या पालकांना हे ऐकून जरा धक्का बसतो, पण मुलांना प्रोफेसरला स्वतः ईमेल लिहायची सवय लागते ती इथूनच.

आपल्या मंडळींचे प्रश्न

"आयव्ही लीगला हे क्रेडिट चालतात का?" ॲडमिशनच्या वेळी कठीण कोर्स घेतला म्हणून चांगलं दिसतं, पण क्रेडिट म्हणून बऱ्याच मोठ्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटी धरत नाहीत, विशेषतः कोर्स हायस्कूलच्या इमारतीत झाला असेल आणि डिप्लोमासाठीही मोजला गेला असेल तर. राज्याच्या पब्लिक युनिव्हर्सिटीत मात्र चांगले चालतात आणि तिथे एक अख्खं सेमिस्टर वाचू शकतं. मुलाला मेडिसिनला जायचं असेल तर बायोलॉजी, केमिस्ट्री याचे क्रेडिट मिळाले तरी पुढे कॅम्पसवर वरचे कोर्स घ्यायची तयारी ठेवा, काही मेडिकल स्कूल ते बघतात.

आणि एक मनापासून. हा कोर्स सुरू झाला की पहिल्या दिवशी आपली मुलं रांगेत पुढे असतात, कारण आपल्याला माहिती असते. पण ज्यांच्या घरात कॉलेजला कोणी गेलेलंच नाही अशा मुलांना याचा फायदा फार मोठा आहे, वर्षभर कॉलेजचं काम करून सी प्लस जरी मिळाला तरी त्या मुलाला पहिल्यांदा कळतं की आपण हे करू शकतो. म्हणून प्रवेशासाठी फक्त जीपीए किंवा प्लेसमेंट टेस्टचा एकच आकडा लावू नका, शिक्षकाची शिफारसही धरता येते का हे युनिव्हर्सिटीला विचारा, दहावीतल्या शिक्षकांकडून नावं मागवा आणि त्या मुलांना स्वतः जाऊन बोलवा. पोस्टर लावून ती येत नाहीत. तुम्ही पीटीएत असाल तर हे काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकत नाही.

वर्ष संपताना

मे-जूनमध्ये प्रत्येक बारावीच्या मुलाकडून वर्गात बसूनच ट्रान्सक्रिप्टची ऑर्डर टाकून घ्या. हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर कोर्स दिसतो म्हणून मुलं समजतात झालं काम, पण क्रेडिट देणारी युनिव्हर्सिटी वेगळी, तिचा ट्रान्सक्रिप्ट वेगळा मागवावा लागतो आणि तो नव्या कॉलेजला थेट जावा लागतो. सिलॅबसची पीडीएफही प्रत्येकाला देऊन ठेवा, नव्या कॉलेजने क्रेडिट नाकारलं तर दाद मागताना तीच लागते.

मग पुढच्या वसंतात त्या मुलांना चार प्रश्नांचा फॉर्म पाठवा: कुठे आहात, क्रेडिट धरले का, कशाच्या बदल्यात धरले, आणि पुढचा कोर्स जड गेला का. डिस्ट्रिक्टकडे दुसऱ्या कोर्ससाठी आणि दुसऱ्या शिक्षकाच्या 18 क्रेडिटच्या फीसाठी जाल तेव्हा ती उत्तरं सोबत न्या.